कार्ड पाकिटात आहे, पण तिकडे चालतंय का?

जून ते सप्टेंबर या सदराला येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो. पोरं ग्रॅज्युएट होतात, नोकरी पकडतात, दुसऱ्या स्टेटला सामान हलवतात, आणि यू-हॉलचा भाड्याचा ट्रक परत करून झाल्यावर आईबाबांना आठवतं की अरे इन्शुरन्सचं काय! यावेळी चार पत्रं घेतलीयेत. पहिल्याचं उत्तर जरा लांबलंय, सांभाळून घ्या, कारण आलेल्या पत्रांपैकी निम्म्यांचा प्रश्न तोच आहे.

एडिसन, न्यू जर्सीहून एक आई लिहितात:

ताई नमस्कार. माझी मुलगी २३ वर्षांची आहे, जूनमध्ये ऑस्टिनला गेली. काँट्रॅक्टवर जॉब आहे, कंपनी इन्शुरन्स देत नाही. ती अजून आमच्याच प्लॅनवर आहे म्हणजे ह्यांच्या ऑफिसच्या, कार्डावर ईपीओ असं लिहिलंय. ह्यांचं म्हणणं २६ पर्यंत कायद्यानेच चालतं तर आपण कशाला हात लावायचा. माझी मैत्रीण म्हणते स्टेट बदललं की इन्शुरन्स आपोआप बंद होतो, तिचं नाव काढून टाक आणि तिला टेक्सासचा घ्यायला लाव, तुमचे पैसेही वाचतील. आणि मंडळात एकजण म्हणाले न्यू जर्सीत ३१ पर्यंत चालतं, बिनधास्त रहा. कोणाचं ऐकू? घरी धाकटा मुलगा आहे, हायस्कूलला.

उत्तर:

ताई, तिघांचंही थोडं थोडं खरं आहे आणि तिघांचंही अर्धवट आहे. अंक छापून तुमच्या हातात पडेपर्यंत ज्या मुदतीबद्दल मी खाली बोलणार आहे ती संपलेली असेल म्हणून तुम्हाला फोन करून आधीच सांगितलंय, इथे बाकीच्यांसाठी लिहिते.

आधी तुमच्या ह्यांचं घेऊ. २०१० च्या अफोर्डेबल केअर ॲक्टने, म्हणजे आपलं ओबामाकेअर, असं ठरवलं की जो प्लॅन मुलांना कव्हर करतो त्याने ती २६ ची होईपर्यंत करायलाच पाहिजे. मूल कुठे राहतं, शिकतंय की कमावतंय, लग्न झालंय का, टॅक्समध्ये तुम्ही त्याला डिपेंडंट दाखवता का, यातलं काहीच आडवं येत नाही. (जावई, सून, नातवंडं यांना घ्यायची सक्ती मात्र नाही, नंतर कोणी विचारायला नको.) म्हणजे तुमच्या मैत्रिणीचं 'आपोआप बंद होतो' हे चूक. नोकरीतून मिळालेल्या प्लॅनवर मुलीचं नाव ती ऑस्टिनला गेली म्हणून कोणी काढत नाही. हां, मेडिकेडचं, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी इन्शुरन्सचं, तसं नाही, ते ज्या त्या स्टेटचं असतं, स्टेट सोडलं की तिथलं मेडिकेड संपलं, नवीन स्टेटमध्ये परत अर्ज. पण तो तुमचा विषय नाही.

आता गोची कुठे आहे ते बघा. नाव प्लॅनवर राहणं हे एक झालं आणि तो प्लॅन ऑस्टिनमध्ये कामाला येणं हे दुसरं. कायद्याने फक्त पहिलं दिलंय. तुमचा ईपीओ आहे, म्हणजे नेटवर्कमधल्या (प्लॅनशी करार असलेल्या) डॉक्टरकडे गेलात तर प्लॅन पैसे देणार, बाहेर गेलात तर शून्य, कमी पैसे वगैरे नाही, शून्य. एचएमओचं पण तेच, वर प्रायमरी डॉक्टरच्या रेफरलची कटकट. आणि नेटवर्क जर न्यू जर्सी आणि आसपासपुरतंच असेल तर तुमची मुलगी ऑस्टिनमध्ये साधी फ्लूची लस घ्यायला गेली तरी ती 'आउट ऑफ नेटवर्क'. लस, वार्षिक तपासणी हे सगळं फुकट असतं असं आपण ऐकलेलं असतं ना, ते नेटवर्कमध्ये गेलात तरच.

अपवाद एक, इमर्जन्सी. १ जानेवारी २०२२ पासून नो सरप्राइजेस ॲक्ट लागू झालाय, त्यामुळे इमर्जन्सी रूममध्ये गेलं तर हॉस्पिटल नेटवर्कच्या बाहेरचं असलं तरी तुमच्याकडून नेटवर्कमधलाच कोपे (दर भेटीला द्यायची ठराविक रक्कम) आणि डिडक्टिबल (प्लॅन पैसे द्यायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम) घ्यावा लागतो, फरकाचं बिल तुमच्या गळ्यात मारता येत नाही. एअर ॲम्ब्युलन्स पण त्यात येते. रस्त्यावरून धावणारी साधी ॲम्ब्युलन्स येत नाही, का ते विचारू नका, मी तो प्रश्न आयुष्यात बऱ्याच लोकांना विचारलाय.

हे ऐकून लोक म्हणतात मग झालं की, तरुण मुलं आहेत, इमर्जन्सी कव्हर आहे म्हणजे बास. आम्ही पण हेच म्हणालो होतो. माझा मुलगा डेन्व्हरला गेला तेव्हा आमचाही असाच इकडचा ईपीओ होता. गेल्यावर चारच महिन्यांत ट्रेलवर घोटा मोडला. ईआरमध्ये एक्सरे, स्प्लिंट, कुबड्या, सगळं कव्हर झालं, आम्ही इकडे देवाला साखर ठेवली. ईआरच्या डॉक्टरने कागदावर लिहून दिलं, पाच दिवसांत ऑर्थोपेडिकला दाखवा. याने काय केलं, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, तर जो सगळ्यात जवळचा होता त्याच्याकडे गेला. रिसेप्शनवर त्याने आमचं कार्ड दाखवलं, त्यांनी झेरॉक्स काढून ठेवली, कोणी काही बोललं नाही. महिन्याने आमच्या घरी पाकीट आलं, ईओबी म्हणजे क्लेमचा हिशोब, वर ठळक अक्षरात 'हे बिल नाही', आणि आत प्लॅनने दिले शून्य, पेशंटने द्यायचे अकराशे आणि काही डॉलर. मी स्वतः एचआरमध्ये बेनिफिट्सच्या टेबलावर अठरा वर्षं काढलीयेत, दुसऱ्यांच्या पोरांचे फॉर्म भरलेत, आणि स्वतःच्या पोराच्या वेळी हे डोक्यात आलं नाही की इमर्जन्सी त्या खोलीच्या दाराशी संपते. त्यानंतरचं प्लास्टर, फिजिओथेरपी, परत एक्सरे, ती सगळी साधी ट्रीटमेंट, तिला साधं नेटवर्क लागतं. अपील केलं, नाही झालं. शेवटी डॉक्टरच्या ऑफिसशी बोलून कॅशचा रेट लावून घेतला, थोडं कमी झालं एवढंच.

अजून एक, रिसेप्शनवर 'तुम्ही आमचा इन्शुरन्स घेता का' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात, घेतात म्हणजे क्लेम पाठवतात. विचारायचं 'तुम्ही या प्लॅनच्या नेटवर्कमध्ये आहात का' आणि प्लॅनचं पूर्ण नाव वाचून दाखवायचं.

तर आता करायचं काय. मुलीचं कार्ड हातात घ्या आणि मागचा नंबर फिरवा. ऑस्टिनचा झिप कोड सांगा आणि विचारा की या झिपमध्ये नेटवर्क आहे का, प्रायमरी डॉक्टर आहे का, लॅब कुठली चालते. काही ईपीओंना देशभराचं नेटवर्क असतं, नावावरून कळत नाही, विचारावंच लागतं. बोलणाऱ्याचं नाव आणि कॉलचा रेफरन्स नंबर लिहून ठेवा, मी फ्रिजवर चिकटवते. काही ब्लू क्रॉस ब्लू शील्डच्या एचएमओंमध्ये दुसऱ्या स्टेटला राहणाऱ्या मुलांसाठी गेस्ट मेंबरशिप मिळते, तीही विचारा, स्वतःहून कोणी सांगत नाही. आणि त्यांच्याच पीपीओ (नेटवर्कबाहेर गेलात तरी काही पैसे देणारा प्लॅन) कार्डावर कोपऱ्यात छोट्या सुटकेसचं चित्र असतं, आत पीपीओ लिहिलेलं, ते असेल तर दुसऱ्या स्टेटमधल्या ब्लू क्रॉसच्या नेटवर्कमध्ये पण चालतं. कायझर या प्लॅनवाल्यांनो तुमच्यासाठी, तुमचं नेटवर्क मोजकी राज्यं आणि डीसी एवढ्यातच आहे, टेक्सास त्यात नाही.

दुसरं म्हणजे ह्यांना एचआरकडे पाठवा. कंपनीकडे बहुतेक वेळा दोनतीन प्लॅन असतात आणि त्यातला एखादा पीपीओ असतो. एरवी ओपन एन्रोलमेंटशिवाय (वर्षातून एकदा येणारी प्लॅन निवडायची मुदत) प्लॅन बदलता येत नाही, पण घरातल्या कोणी राहण्याची जागा बदलली आणि त्यामुळे कव्हर बिघडलं तर मध्येच बदल करायची परवानगी टॅक्सच्या नियमांत आहे, कंपनीने ती आपल्या प्लॅनमध्ये ठेवलीये का एवढाच प्रश्न असतो. याला बहुतेक ठिकाणी ३० दिवस मिळतात. फोनवर विचारून सोडून देऊ नका, ईमेल टाका.

आता मैत्रिणीचं, नाव काढून टाक म्हणजे पैसे वाचतील. ताई, पेस्लिप बघा. बऱ्याच कंपन्यांत हप्त्याचे टप्पे असतात, एकटा, नवरा-बायको, फॅमिली. फॅमिली म्हटलं की एक मूल असो की तीन, हप्ता तोच. तुमचा धाकटा घरी आहे म्हणजे तुम्ही फॅमिलीतच राहणार, मुलीचं नाव काढून एक पैसा वाचत नाही! जिथे माणशी हप्ता असतो तिथे वाचतील, पण आधी बघा.

आणि इथे सगळ्यात मोठा खड्डा आहे. नाव आधी काढलं आणि मग टेक्सासचा शोधायला बसलात तर अडकाल. इन्शुरन्स *गेला* तर मार्केटप्लेसवर, म्हणजे ओबामाकेअरचे प्लॅन विकणाऱ्या सरकारी वेबसाइटवर, ६० दिवसांची खिडकी उघडते, पण तुम्ही स्वतःहून *सोडला* तर उघडत नाही. तुमच्या मुलीला खिडकी मिळते ती वेगळ्या कारणाने, ती नवीन काउंटीत राहायला गेली म्हणून, घर बदलल्यापासून ६० दिवस. आणि त्याला अट अशी की घर बदलण्याच्या आधीच्या ६० दिवसांत निदान एक दिवस तरी तिच्याकडे इन्शुरन्स असायला पाहिजे, तो होता हे कागदावर दाखवावं लागतं, सोबत अपार्टमेंटचं लीज. तेव्हा क्रम असा, आधी नवीन प्लॅन घ्यायचा, तो कुठल्या एक तारखेला सुरू होतो ते बघायचं, मग जुन्यातून नाव काढायचं. तेही कंपनी मध्येच काढू देते का ते विचारून, कारण हप्ता टॅक्सच्या आधी कापला जातो तिथे मनात आलं की नाव काढलं असं चालत नाही.

टेक्सासचं स्वतःचं मार्केटप्लेस नाही, ते फेडरल हेल्थकेअर डॉट गव्ह वापरतात. तिथे तिला दिसतील ते बहुतेक एचएमओ किंवा ईपीओच असतील, पण ऑस्टिनचे, हा फरक. वय ३० च्या खाली आहे म्हणून तिला कॅटॅस्ट्रॉफिक नावाचा प्लॅनही घेता येतो, हप्ता कमी आणि डिडक्टिबल डोंगराएवढा. मला तो फारसा आवडत नाही पण काहीच नसण्यापेक्षा बरा. टेक्सासने मेडिकेड वाढवलेलं नाही, त्यामुळे काँट्रॅक्ट मध्येच सुटला आणि वर्षाची कमाई फारच कमी भरली तर ना मेडिकेड ना हप्त्याला सरकारी मदत अशी मधल्यामध्ये लटकण्याची शक्यता असते, अर्जात कमाईचा अंदाज टाकताना हे लक्षात असू दे. आणि वर्षाच्या मध्ये प्लॅन बदलला की नवीन डिडक्टिबल शून्यापासून सुरू, इकडे भरलेले पैसे तिकडे मोजत नाहीत.

राहिले मंडळातले गृहस्थ. न्यू जर्सीत ३१ पर्यंत हे खरंय, राज्याचा तसा कायदा आहे. पण त्यात मूल अविवाहित पाहिजे, त्याला स्वतःची मुलं नकोत, आणि न्यू जर्सीत राहणारं तरी पाहिजे किंवा फुलटाइम विद्यार्थी तरी. ऑस्टिनला नोकरी करणारी मुलगी त्यात बसत नाही. न्यू यॉर्कचा २९ वर्षांपर्यंतचा असाच कायदा आहे, त्यालाही अटी आहेत. शिवाय राज्याचे हे कायदे लागू होतात ते इन्शुरन्स कंपनीकडून विकत घेतलेल्या प्लॅनला, मोठ्या कंपन्या बऱ्याचदा क्लेमचे पैसे स्वतःच्या खिशातून देतात, इन्शुरन्स कंपनीचं फक्त कार्डावर नाव, त्यांना राज्याचा कायदा लागत नाही, १९७४ चा एरिसा नावाचा फेडरल कायदा लागतो. तुमचा कुठला ते एचआरला एका वाक्यात विचारा, 'आपला प्लॅन सेल्फ-फंडेड आहे का?'

नेपरव्हिल, इलिनॉयहून एक वडील:

मुलगा सिएटलला स्टार्टअपमध्ये आहे. त्यांचा प्लॅन काही खास नाही म्हणून माझ्याच पीपीओवर ठेवलाय, तिकडे व्यवस्थित चालतो. १४ ऑक्टोबरला २६ पूर्ण होतील. त्याच दिवशी बंद होणार का? आणि माझ्या एचएसएच्या (औषधपाण्यासाठीचं टॅक्स-फ्री बचत खातं) कार्डावरून मी त्याचं डेंटिस्टचं बिल भरलं, बायको म्हणते घोळ केलास. केला का?

उत्तर:

भाऊ, घोळ केलात, पण तो नंतर.

२६ चा नियम कायद्यात एवढाच आहे की वाढदिवसापर्यंत ठेवा. पुढे कंपनीची मर्जी. बऱ्याच कंपन्या त्या महिन्याच्या शेवटापर्यंत ठेवतात म्हणजे तुमच्या बाबतीत ३१ ऑक्टोबर, काही १४ तारखेलाच बंद करतात, काही वर्षअखेरपर्यंत नेतात. मार्केटप्लेसवरून घेतलेला प्लॅन असता तर ३१ डिसेंबरपर्यंत चालला असता. एचआरकडून तारीख लेखी घ्या.

मुलाच्या स्टार्टअपचा प्लॅन आहे ना, खास नसला तरी आहे, तर त्याला तो घेता येईल आणि ओपन एन्रोलमेंटची वाट बघावी लागणार नाही, कारण तुमच्याकडचा संपतोय. फक्त त्याने तुमच्याकडचा संपल्यापासून ३० दिवसांत आपल्या एचआरला सांगायला पाहिजे. तीसच हं. मार्केटप्लेसला साठ आणि ऑफिसला तीस, इथे माझ्या टेबलासमोर लोकांनी डोकं धरलेलं मी पाहिलंय, साठ समजून बेचाळिसाव्या दिवशी आलेले. त्याला वॉशिंग्टन स्टेटच्या मार्केटप्लेसवरून घ्यायचा असेल तर वाढदिवस यायची वाट बघू नये, संपायच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो, म्हणजे तुमचा ३१ ऑक्टोबरला संपणार असेल तर एक नोव्हेंबरला नवीन प्लॅन सुरू, मध्ये एकही दिवस रिकामा नाही.

तिसरा रस्ता कोबरा, तुमच्या कंपनीत २० किंवा जास्त माणसं असतील तर. मुलाला ३६ महिने तुमचाच प्लॅन पुढे नेता येतो, पण हप्ता पूर्ण, कंपनीचा वाटाही त्यानेच भरायचा आणि वर दोन टक्के. आकडा बघून घाबरायला होतं. पण एखादी ट्रीटमेंट मध्यावर असेल, डिडक्टिबल भरून झाला असेल, तर नोव्हेंबर-डिसेंबर दोन महिने कोबरा काढून जानेवारीत नवीन प्लॅन हा हिशोब कधीकधी बरोबर बसतो. वय संपल्याचं प्लॅनला कळवायची जबाबदारी तुमची, ६० दिवसांत. कंपनीला वाढदिवस माहीत आहे म्हणून ते आपणहून पाठवतील यावर राहू नका.

डेंटल आणि व्हिजनची कार्डं वेगळी असतील तर त्यांची तारीख वेगळी विचारा, २६ चा नियम वेगळ्या डेंटल प्लॅनला लागत नाही, काही ठिकाणी ती आधीच बंद पडलेली असतात आणि कोणाला पत्ता नसतो.

आता एचएसए. मुलगा तुमच्या इन्शुरन्सवर आहे पण टॅक्समध्ये तुमचा डिपेंडंट नाही, स्वतः कमावतोय. एचएसएला इन्शुरन्सचं वय चालत नाही, टॅक्सचं नातं लागतं. त्यामुळे त्याच्या बिलावर घातलेले पैसे नियमाबाहेरचे झाले, त्यावर इन्कम टॅक्स आणि वर २० टक्के दंड. चुकून झालं असेल तर एचएसए ठेवणारे पैसे परत जमा करून घेतात का ते लगेच विचारा, काही घेतात. आणि आता यातला गोड भाग, तुमचा प्लॅन एचएसएवाला असेल आणि मुलगा त्या प्लॅनवर असेल, दुसरं कुठलं कव्हर नसेल, तर त्याला स्वतःचं एचएसए उघडता येतं आणि त्यात फॅमिलीची पूर्ण मर्यादा भरता येते, २०२६ साठी ८,७५० डॉलर. तुमच्यापेक्षा वेगळी, त्याची त्याची. (वर्षातले जितके महिने तो तुमच्या प्लॅनवर तितक्याच महिन्यांच्या हिशोबाने.) वहिनींना सांगा त्या बरोबर होत्या.

शिकागोहून, वय २२:

काकू, हे मॅगझिन आजी वाचते आणि मला पण वाचायला लावते. मी नोकरीसाठी इकडे आलीये, आईबाबा कॅलिफोर्नियात, फ्रिमाँटला. त्यांच्या इन्शुरन्सवर आहे. मला थेरपिस्टकडे जायचंय, सीरियस काही नाही, पण झोप लागत नाही आणि एकटं वाटतं. कॉलेजमध्ये असताना जिच्याकडे जायचे तिच्याशी व्हिडिओवर बोलता येईल का? आणि ते पाकीट घरी जातं ना? बाबा उघडतात सगळी पाकिटं. त्यांना सांगायचं नाहीये आत्ता.

उत्तर:

अगं बाळा, आधी हे की तू विचारलंस हे फार बरं केलंस, आणि झोप न लागणं हे डॉक्टरकडे जायला पुरेसं कारण आहे, त्याला 'सीरियस काही नाही' म्हणायची गरज नाही.

जुन्या थेरपिस्टचं, तिचं लायसन्स कॅलिफोर्नियाचं असेल तर तू इलिनॉयमध्ये बसून तिच्याशी व्हिडिओवर सेशन करू शकत नाहीस. पेशंट ज्या स्टेटमध्ये बसलाय तिथलं लायसन्स लागतं, डॉक्टर कुठे बसलाय ते नाही. सायकॉलॉजिस्ट लोकांसाठी काही राज्यांचा आपसात करार आहे पण सगळी राज्यं त्यात नाहीत, आणि सगळे थेरपिस्ट सायकॉलॉजिस्ट नसतात. तिला सरळ मेसेज कर, ती सांगेल आणि शिकागोमधलं कोणी सुचवेल पण.

पाकीट. हो, ईओबी पॉलिसी ज्याच्या नावावर त्याला जातो, म्हणजे बाबांना, आणि पाकीट बंद केलं तरी त्यांच्या पोर्टलवर क्लेम दिसू शकतो. फेडरल हिपा (पेशंटची माहिती खाजगी ठेवायच्या) नियमाप्रमाणे तू इन्शुरन्सला लेखी कळवू शकतेस की माझे कागद माझ्या पत्त्यावर किंवा माझ्या ईमेलवर पाठवा, याला कॉन्फिडेन्शियल कम्युनिकेशन रिक्वेस्ट म्हणतात, पण ते पाळणं प्लॅनवर बंधनकारक तेव्हा होतं जेव्हा तू लिहितेस की हे बाहेर पडलं तर मला धोका आहे. कॅलिफोर्नियाने जुलै २०२२ पासून याच्या पुढे जाऊन नियम केलाय, तिथल्या राज्याच्या अखत्यारीतल्या प्लॅनला मेंटल हेल्थसारख्या गोष्टींत तू नुसतं सांगितलंस तरी ऐकावं लागतं. बाबांच्या कंपनीचा प्लॅन सेल्फ-फंडेड असेल तर हा राज्याचा नियम लागणार नाही. तेव्हा कार्डाच्या मागच्या नंबरवर आधी फोन, मग अर्ज, त्यांच्याकडून 'केलं' असं आलं की मगच पहिली अपॉइंटमेंट. या क्रमाने. आणि त्याच फोनवर शिकागोमध्ये नेटवर्क आहे का तेही विचारून घे.

यातलं काहीच करायचं नसेल तर तुझ्या ऑफिसमध्ये ईएपी, म्हणजे कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी ठेवलेली समुपदेशनाची सोय, आहे का बघ. काही सेशन फुकट असतात, इन्शुरन्स मध्ये येतच नाही, ईओबी निघत नाही.

(फ्रिमाँटच्याच नव्हे, सगळ्याच बाबांना: बावीस वर्षांच्या मुलीच्या नावाचं पाकीट आलं तर ते तसंच टेबलावर ठेवलं तर काय होईल?)

कोथरूड, पुण्याहून एक आई:

मुलगा न्यू जर्सीत एमएस करून आता सॅन होजेला चाललाय, ओपीटीवर. युनिव्हर्सिटीचा इन्शुरन्स ३१ ऑगस्टला संपतो म्हणतो, नोकरी ऑक्टोबरला सुरू. मधल्या काळासाठी आमच्या फॅमिली मेडिक्लेममध्ये त्याचं नाव आहे ते चालेल का? इथे तर पुण्याची पॉलिसी बंगळुरूला पण चालली होती, भाच्याला कॅशलेस झालं. आणि त्याला काही झालं तर हॉस्पिटल आम्हाला कळवेल ना?

उत्तर:

नाही हो, आपला साधा मेडिक्लेम भारताबाहेर चालत नाही. आणि पुण्याचा बंगळुरूला चालतो तसं न्यू जर्सीचं सॅन होजेला चालेलच असंही नाही, अमेरिकेत इन्शुरन्सच्या दृष्टीने प्रत्येक स्टेट म्हणजे वेगळा देश समजा. युनिव्हर्सिटीचा संपल्यापासून ६० दिवसांत त्याने कव्हर्ड कॅलिफोर्निया या तिथल्या मार्केटप्लेसवर अर्ज करायचा, एफ-वन म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना (शिकून झाल्यावर ओपीटीच्या परवान्यावर काम करणारे त्यातच आले) तिथून प्लॅन विकत घेता येतो. ऑगस्टमध्येच अर्ज केला तर एक सप्टेंबरपासून मिळेल. ऑक्टोबरला ऑफिसचा सुरू झाला की तो बंद करायचा, आणि ऑफिसचा नक्की कुठल्या तारखेपासून ते ऑफर लेटरवाल्यांना विचारायचं, काही कंपन्या पहिल्या दिवसापासून देतात, काही पुढच्या एक तारखेपासून, काही तर ९० दिवसांपर्यंत थांबवतात.

कळवण्याचं, तो १८ च्या वर आहे म्हणजे त्याच्या परवानगीशिवाय हॉस्पिटल तुम्हाला फोनवर सगळं सांगेलच असं धरून चालू नका, आई आहे म्हटलं तरी. यासाठी एक फॉर्म असतो, ॲडव्हान्स हेल्थ केअर डायरेक्टिव्ह, त्यात तो बोलू शकत नसेल तर कोणी ठरवायचं ते नाव घालतात. तुमचं नाव जरूर असू दे पण तुम्ही साडेबारा (हिवाळ्यात साडेतेरा) तास पुढे आहात, तर पहिलं नाव तिकडे जवळ राहणाऱ्या कोणाचं, मामा, मावसभाऊ, भरवशाचा मित्र, आणि दुसरं तुमचं. प्रत्येक स्टेटचा फॉर्म वेगळा असतो, तेव्हा न्यू जर्सीत भरला असेल तरी सॅन होजेला गेल्यावर कॅलिफोर्नियाचा नवीन भरायला सांगा. वकील लागत नाही, नोटरी किंवा दोन साक्षीदार लागतात. रूममेट चालतात, फक्त ज्याचं नाव आत घातलंय त्यालाच साक्षीदार म्हणून सही करता येत नाही, आणि दोघांपैकी निदान एक जण नात्यातला नको. सही झाली की फोटो काढून तुम्हाला व्हॉट्सॲप करायला सांगा.